मावशी, त्या कटआउटला हात लावू नको

पंचवटीतल्या मावशीचा गीझर आंघोळीच्या मध्येच बंद पडायचा. रविवारी सकाळी तिचा फोन आला. "अरे, गीझरचं कोडं सुटलं. वायरमनचे पैसे वाचले बघ!" पाठोपाठ मेसेज: ‘विजेचा शॉवर जास्त तापून मध्येच बंद पडतो? पाच घरगुती उपाय.’ हाच मेसेज त्या आठवड्यात मला दोन ग्रुपवर आला होता आणि मी तो न वाचता पुढे सरकलो होतो. पण मावशीने बाथरूममध्ये स्टूल नेऊन ठेवलं होतं आणि ती स्क्रू ड्रायव्हर शोधत होती. वय वर्षं अडुसष्ट.

मुळात हा मेसेज आपल्या गीझरबद्दलचा नाहीच. पहिला उपाय आहे ‘छतावरून लोंबणारी दोरी दोनदा ओढा’. नाशिकमध्ये कुणाच्या न्हाणीघरात अशी दोरी आहे? ती असते ब्रिटनमध्ये. तिथे न्हाणीघरात साधा स्विच लावत नाहीत, म्हणून छतातून दोरीचा स्विच सोडतात. तिकडचा विजेचा शॉवर साडेसात ते साडेदहा किलोवॅटचा असतो आणि त्याला स्वतंत्र जाड केबल लागते. आपला तीन लिटरचा इन्स्टंट गीझर 3 किलोवॅटचा, म्हणजे 13 अँपिअर. कुणीतरी तिकडचा मजकूर यंत्राकडून मराठीत करून घेतला आणि खाली हात जोडलेली चित्रं चिकटवली, एवढाच प्रकार.

म्हणूनच दुसऱ्या उपायात ‘40 अँपिअरचा एमसीबी बसवा’ असं येतं. एमसीबी म्हणजे वायरीतून जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच. तिकडच्या केबलला ते चालतं. आपल्याकडे गीझरच्या पॉइंटला बहुतेक अडीच चौरस मिलिमीटरची वायर असते. काही बिघाड होऊन तिच्यातून जास्त वीज वाहिली, तर ती भिंतीत भाजून निघेल आणि एमसीबी ढिम्म हलणार नाही. शिवाय मावशीकडे एमसीबी एकदाही पडलेला नव्हता.

आता तिसरा उपाय, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. ‘कटआउट खराब झाल्याने मशीन बंद पडते. दोन्ही टोके तारेने जोडा, त्रास कायमचा संपेल.’ आपल्याकडचे काही वायरमनही हे करतात, त्याला ‘डायरेक्ट करणं’ म्हणतात, आणि गिऱ्हाईक खूश होतं कारण गीझर लगेच चालू होतो. कटआउट आहे कशासाठी? पाणी पुरेसं तापलं की कॉइल बंद करणारा थर्मोस्टॅट चिकटला आणि कॉइल बंदच होईना, तर शेवटी वीज तोडणारा तो कटआउटच. तो काढला की काय होतं त्याचं गणित शाळेतलं आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल लागतात. 3 किलोवॅटची कॉइल मिनिटाला 180 किलोज्यूल देते. टाकीत तीन लिटर पाणी, नळ बंद, स्विच चालू राहिलेला, थर्मोस्टॅट चिकटलेला: 15 अंशांवरचं पाणी सहा मिनिटांत उकळीला येतं. फोनवर बोलताना सहा मिनिटं कधी गेली ते मावशीला कळतही नाही. त्यानंतर बंद टाकीत वाफ कोंडते, आणि भरवसा उरतो तो फक्त सेफ्टी व्हॉल्व्हचा. तो क्षाराने बुजलेला नाही हे कोण सांगणार?

चौथा उपाय ऐकून तर हात टेकले: ‘पाण्याचा कॉक अर्धा बंद ठेवा, पाणी जास्त गरम होईल.’ अहो, होईलच! म्हणूनच तर गीझर बंद पडतोय! वरचंच गणित पुढे चालवा. मावशीकडे लिटरभराचा मग भरायला पूर्ण एक मिनिट लागत होतं. त्या धारेत पाणी 43 अंशांनी तापतं. थंडीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 17 अंश धरलं तर बाहेर येतं 60 अंशांचं, म्हणजे काही सेकंदांत कातडी भाजेल इतकं. तिथे गीझरने वीज तोडली, मग गार पाणी आलं, पुन्हा जोडली, पुन्हा चटका. बिघाड गीझरमध्ये नव्हताच, धारेत होता. मावशीचा फ्लॅट सर्वांत वरचा, गच्चीवरची टाकी जेमतेम दोन-तीन मीटर वर. मुळात दाब कमी, त्यात इमारतीला निम्मं पाणी बोअरचं, म्हणजे क्षार आलाच.

पाचव्या उपायातला अर्धा भाग मात्र बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो. शॉवरचं तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायला सांगितलंय, ते खरंच उपयोगी पडतं. छिद्रांतला पांढरा क्षार सुटतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे व्हिनेगर गीझरच्या टाकीत ओतणं. ते मुळीच करू नका. ‘व्होल्टेज जास्त असेल तर स्टॅबिलायझर घ्या’ अशी शेवटी एक शेपूटही आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही.

मी मावशीकडे गेलो. आम्ही मेन स्विच बंद केला, गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढली. तिच्यात रेती आणि खपल्या. शॉवरचं तोंड व्हिनेगरमध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी तोच लिटरभराचा मग अर्ध्या मिनिटात भरला, आणि आंघोळ होईपर्यंत गीझर एकदाही बंद पडला नाही.

धार चांगली असूनही तुमचा गीझर मध्येच बंद पडत असेल, तर थर्मोस्टॅट किंवा कटआउट खरंच गेलेला असू शकतो. मग वायरमन बोलवा, त्याच मापाचा नवा भाग बसवून घ्या आणि जुना भाग हातात मागून घ्या. तो ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाला, तर चहा पाजून परत पाठवा.