सुध्याचे बाबा आणि चोवीस थकबाक्या

माझ्या आजीने उभ्या जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही. "सुध्याचे बाबा" म्हणायची. सुध्या म्हणजे माझे वडील. ऐकणाऱ्याने आधी सुध्या शोधायचा, मग त्याचे बाबा. अख्ख्या वाडीला हे जमायचं. तेच बॅश शेलकडून, म्हणजे टाइप केलेले हुकूम पाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमकडून, करून घेताना माझा शनिवार गेला, रविवार गेला आणि सोसायटीतली अब्रूही गेली.

सर्वसाधारण सभेत मला खजिनदार केलं, कारण मी "कॉम्प्युटरवाला". चोवीस फ्लॅट, चोवीस थकबाक्या. म्हटलं, स्क्रिप्ट लिहू, म्हणजे शेलसाठी हुकुमांची यादी. प्रत्येक फ्लॅटचं एक व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायचा नाव लावलेला डबा: थकबाकी, अंडरस्कोर, पुढे फ्लॅट नंबर. लूप, म्हणजे तेच काम प्रत्येक फ्लॅटसाठी पुन्हा पुन्हा, फिरवला की नावं आपोआप तयार. नंबराच्या जागी 'डॉलर फ्लॅट' लिहिलं; नावाआधी डॉलर म्हणजे त्या डब्यातली किंमत.

लूप फिरवला. शेल म्हणाला, 'थकबाकी_101=500' नावाची कमांड सापडत नाही. बरोबर चिन्हाच्या डावीकडे डॉलर दिसला की त्याच्या लेखी ते नाव देणं नसतंच, हुकूम असतो.

मग इव्हॅल आणला, मजकुरालाच हुकूम मानणारी कमांड. याच्या हातात जे द्याल ते तो निमूट अमलात आणतो. व्हेरिएबलं झाली. फक्त 302च्या रकान्यात जुन्या खजिनदारांनी "500; बाकी दिवाळीनंतर" असं लिहिलं होतं. अर्धविरामापर्यंत 500 झाले, आणि पुढे शेल 'बाकी' नावाची कमांड शोधायला निघाला. तिथे कुणी फायली पुसायची कमांड लिहिली असती, तर गड्याने तितक्याच निष्ठेने सोसायटीचं दप्तर साफ केलं असतं.

आता वाचायचं. डॉलर थकबाकी, अंडरस्कोर, डॉलर फ्लॅट. उत्तर आलं: 101ची थकबाकी 101 रुपये, 102ची 102, 406ची 406. क्षणभर मला ते पटलंही. वरचे लोक लिफ्ट जास्त वापरतात. नंतर कळलं, शेलने अंडरस्कोर पहिल्याच नावात ओढून घेतला होता. तसल्या नावाचं काही नव्हतंच, म्हणून उरला नुसता फ्लॅट नंबर.

पुढे दोन डॉलर लावून पाहिले. शेलमध्ये दोन डॉलर म्हणजे चालू शेलचा प्रोसेस नंबर. प्रत्येक फ्लॅटपुढे तोच 4127.

रविवारी दुपारी सापडलं. नाव आधी दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, मग महिरपी कंसात त्याच्याआधी उद्गारचिन्ह लावून किंमत विचारायची. आधी सुध्या, मग त्याचे बाबा! आजीला हे शिकवावं लागलं नव्हतं.

उरली तपासणी. थकबाकी कोरी नसेल तर नोटीस. चौकोनी कंस, वजा एन (म्हणजे 'पुढचं कोरं नाही ना?'), व्हेरिएबल. अवतरणचिन्हांचा मी कंटाळा केला. व्हेरिएबल कोरं असलं की ते कंसातून हवेत विरतं आणि मागे एकटा 'वजा एन' उरतो. एकटा शब्द दिसला की शेल एवढंच बघतो, हा कोरा नाही ना? 'वजा एन' कोरा नाही. म्हणजे खरं. थकवलं त्यांना नोटीस, भरलं त्यांनाही नोटीस.

सोमवारी सकाळी सातला 203चे काका पावत्यांची पिशवी घेऊन दारात. त्यांच्या मागोमाग बातमी आली, 204च्या कुलपालाही नोटीस अडकवलेली आहे. तो फ्लॅट तर माझ्या फाईलमध्ये नव्हताच, मालक दुबईला. मी काकांना समजावू लागलो, की व्हेरिएबल कोरं असणं वेगळं आणि मुळात नसणं वेगळं, नावापुढे अधिकचं चिन्ह लावून ते ओळखता येतं, मीच तपासलं नाही.

"म्हणजे तुझ्या हिशेबात मी आणि तो दुबईवाला सारखेच?" काका म्हणाले. तांत्रिकदृष्ट्या हो, पण मी गप्प बसलो.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, एवढा उपद्व्याप कशाला? असोसिएटिव्ह ॲरे घे, एकाच नावाखाली सगळ्या किमती, फ्लॅट नंबर हीच किल्ली. 2009च्या बॅश 4पासून आहे की." माझ्या लॅपटॉपवर त्याआधीचा बॅश 3.2. त्याने ॲरेचं नाव ऐकूनच पर्याय अवैध असल्याचं कळवलं.

तेवढ्यात दारातून बायकोचा आवाज आला, "अहो, आपल्यालाही थकबाकीची नोटीस आलीये. खाली तुमचीच सही आहे."