बाळ्याचा हात

पुण्याच्या जाऊबाईंनी फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला आणि तिथनं माझं वाटोळं सुरू झालं. पांढरी गोल ताटली, त्यात त्यांच्या लेकाच्या पाच बोटांचा ठसा, वर भोक पाडून ओवलेली रिबीन, खाली तारीख. ठसा इतका स्वच्छ की एखाद्या जोशीबुवांनी फोटो बघूनच भविष्य सांगावं. खाली लिहिलेलं, "अगं काही नाही, मैदा नि मीठ, दहा मिनिटांचं काम." आता जाऊबाईंचं दहा मिनिटांचं काम म्हणजे काय असतं हे लग्नाला दहा वर्षं झालेल्या बाईला कळायला हवं होतं, त्यांच्याच दहा मिनिटांच्या पुरणपोळीपायी मी मागं एक तवा घालवलाय, पण मे महिना होता, दोन्ही पोरं सकाळी सहापासून घर डोक्यावर घेत होती आणि सांगलीच्या उन्हात बाहेर पाठवायची सोय नव्हती.

तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी. सासूबाई शेजारी लसूण सोलत बसलेल्या.

"वाटीभर मीठ? कोण खाणाराय ते?"

"खायचं नाही आई, भिंतीवर लावायचंय."

त्यांनी जरा विचार केला. "मैदा भिंतीला लावायचा तर मग सरळ खळच कर की. मळत कशाला बसलीस?"

थोरलीचं पटकन झालं. ती आठ वर्षांची, सांगितलेलं ऐकते, फक्त पाच वेळा ठसा पुसून "आई, करंगळी नीट नाही आली" करत बसली. खरा प्रश्न बाळ्याचा. अडीच वर्षांच्या पोराच्या हाताला दोनच अवस्था असतात, एक मुठीत आणि दुसरी तुमच्या केसात. मी मूठ सोडवली, बोटं पसरली, मैद्यावर ठेवली, तीन सेकंद, फक्त तीन सेकंद मागत होते हो मी, तर तेवढ्यात त्यानं मैद्याचा गोळा बघितला, सासूबाईंकडं बघितलं आणि पट पट पट पट थापायलाच लागला. गोल फिरवत. मध्येच हात झटकून पीठ लावून घेत. रोज सकाळी ओट्याजवळ उभं राहून आजीच्या भाकरी बघतं ते पोर, त्याच्या हिशेबी पिठावर हात ठेवायचा म्हणजे थापायचाच, नुसता दाबून ठेवायचा ही काय पद्धत झाली? सहा वेळा केलं, सहा भाकऱ्या झाल्या. एकावरही बोट नाही.

"बघ गं, कशी गोल आलीय," सासूबाई. "तुझी अजून येत नाही अशी."

शेवटी पोर दुपारी झोपल्यावर चोरासारखा ठसा घेतला. खरं तर ही चीज ओव्हनमध्ये १०० डिग्रीवर तीनेक तास हळूहळू वाळवायची असते, पण नवरा म्हणाला तीन तास ओव्हन? मीठ भाजायला? म्हणून मी १८० वर ठेवून अर्ध्या तासात उरकायला गेले. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि बाळ्याचा हात भटुऱ्यासारखा टम्म फुगला. बोटं एकमेकांत गेली. थोरली म्हणाली, आई, हे गाईचं आहे का?

दुसरा घाणा नीट केला, तीन तास, बिल गेलं खड्ड्यात. चांगला झाला. हॉलमध्ये लटकवला, ग्रुपवर फोटोही टाकला, जाऊबाईंचा अंगठा आला. पण जाऊबाईंनी एक सांगितलं नव्हतं, की मीठ हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते बघतोच की आपण, तेच मीठ मी वाटीभर मळून भिंतीला टांगलेलं. जुलैत इकडं कोयना धरणाचं पाणी सोडलं की अख्खी सांगली एकमेकांना एकच विचारते, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आमच्या पुलाला, पाणी किती झालं? चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. यंदा आयर्विनचं पाणी खालीच होतं, आमच्या भिंतीवरच्या हातानं मात्र दोन्ही पातळ्या ओलांडल्या. आधी घाम फुटला, मग अंगठा लोंबायला लागला आणि एका रात्री टप्पकन टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवर पडला. तेव्हापासून सोनी मराठी लागत नाही.

एवढ्यावर शहाण्या बाईनं थांबावं. पण तोवर बेंदूर आला, मातीचे बैल आणायला कुंभारमामांकडं गेलो आणि तिथं ओल्या मातीचा डोंगर बघून माझ्या अंगात परत आलं. म्हटलं, मामा, ह्याचा हात ठसवून भाजून द्याल का? मामा नको म्हणणारा माणूस नाही. मी मोठ्या हुशारीनं विचारलं, की माहेरच्या मळ्यातली काळी माती आणली तर? मामा हसले. "काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडत्यात बघितलंय न्हवं? मग हाताला पडणार न्हाईत व्हय?" त्यांची माती वेगळीच, चाळलेली, त्यात राख आणि घोड्याची लीद मिसळलेली, म्हणजे वाळताना फुटत नाही. लीद हा शब्द मी घरी सांगितला नाही. जाऊबाईंना तर मुळीच नाही.

मातीचे गोळे घेऊन घरी आले. थोरलीनं आपली ताटली केली, दोन बोटं जाड, कारण तिला त्यावर नाव, तारीख, फुलपाखरू आणि शाळेचं घोषवाक्य कोरायचं होतं. बाळ्यानं गोळा हातात येताच पट पट पट. सासूबाई आता वैतागल्या, "अरे असं नाही सोन्या, असा ठेवायचा हात, असा," म्हणून स्वतःचा हात एका गोळ्यावर दाबून दाखवला. बाळ्यानं टाळ्या वाजवल्या आणि आपली भाकरी उलटली. झोपेत ठसा घ्यायला गेले तर ह्या वेळी माती गार लागली, पोर दचकून उठलं आणि जो एक ठसा झाला त्यावर समाधान मानलं, साडेचार बोटं होती.

मामांकडं नेलं तर म्हणाले, पावसात आवा, म्हणजे भट्टी, लागत नाही वैनी, सावलीत वाळू द्या, दिवाळीच्या पणत्यांबरोबर घालू. म्हणजे तीन-चार महिने. थोरलीची ताटली उचलून त्यांनी मान हलवली, "ही लई जाड झालीया, आत वल राहती, फुटणार बघा." आता त्यावर फुलपाखरू होतं हो. पोरीच्या डोळ्यात पाणी. मामा विरघळले, म्हणाले बघू.

दिवाळीच्या आठ दिवस आधी फोन आला. गेले तर मामा कपाळाला हात लावून बसलेले. ताटलीतली ओल, तिची झाली वाफ, वाफेला जागा नाही, फाट्कन उडाली आणि जाताना आजूबाजूला रचलेल्या पणत्या घेऊन गेली. "वैनी, तुमच्या पोरीच्या हातानं माझ्या चाळीस पणत्या फोडल्या." मी गुपचूप चाळीस पणत्यांचे पैसे दिले, वर लाजेखातर आणखी दोन डझन विकत घेतल्या. उडालेल्या ताटलीचे तुकडे त्याच बाळ्याच्या साडेचार बोटांवर पडले, त्यामुळे तीही गेली. आता साडेचारातलं एकच बोट उरलंय, ते मी भडंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवलंय.

वाचलं काय, तर बाळ्याची एक भाकरी आणि सासूबाईंचा हात. भाकरी अशी लाल, गोल, चहूकडून सारखी की मामांनीही हातात घेऊन फिरवून बघितली. घरी येऊन थोरलीच्या पट्टीनं मोजली, आषाढात अकरा सेंटीमीटर होती, आता जेमतेम दहा. मामा म्हणतात वाळताना नि भाजताना माती आटतीच. इकडं बाळ्याचा हात तेवढ्यात चांगला सव्वाअकरा झालाय, मोजू दिला नाही, रंगपेटीवर ठेवलेला असताना अंदाजानं मोजला.

सासूबाईंचा ठसा मात्र काय उतरलाय म्हणून सांगू. अंगठ्याजवळ विळीनं कापल्याची जुनी खूण, मधल्या बोटाचं वाकडं पेर, मनगटापाशी बांगड्यांच्या चार बारीक रेघा, त्यातली एक तुटक, कारण त्या दिवशी एक बांगडी पिचलेली होती. मी रिबीन ओवायला भोक कुठं पाडावं म्हणून बघत होते, तोवर त्यांनी ताटली पालथी घालून दह्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलंसुद्धा. म्हणाल्या, नेमकं बसतंय.

जाऊबाईंचा रात्री मेसेज, "झाले का गं ठसे? दाखव की!" आता चार महिने झाल्यावर काही नाही म्हणून कसं सांगायचं, मी झाकण उलटं करून फोटो काढला आणि टाकला. दोन मिनिटं टायपिंग टायपिंग दिसत राहिलं.

"अय्या, केवढा मोठा झालाय बाळ्या! आणि बांगड्या कशाला घातल्यास त्याला?"