पॅकेजच्या नोंदींना डेटाबेस कशाला? यासाठी

लिनक्सवर सॉफ्टवेअर पॅकेजांच्या रूपात येतं; ती बसवणारं आणि त्यांच्या नोंदी ठेवणारं साधन म्हणजे पॅकेज मॅनेजर. लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये एक मत वर्षानुवर्षं फिरतंय: "पॅकेज मॅनेजरला डेटाबेस लागत नाही. डेबियन लिनक्स साध्या टेक्स्ट फायलींवर मजेत चाललंय, आणि टेक्स्ट हातानं दुरुस्तही करता येतं. डेटाबेसनं वेग वाढत नाही, उलट तो बिघडतो. फेडोरा लिनक्सच्या आरपीएमचं काय झालं ते बघा." यातला एकच मुद्दा मला मान्य आहे, तोही अर्धा.

"वेग वाढत नाही."

प्रश्न कोणता, यावर ते ठरतं. बसवलेल्या पॅकेजांची नुसती यादी हवी असेल, तर डीपीकेजीला, म्हणजे डेबियनच्या पॅकेज मॅनेजरला, एक स्टेटस फाइल वाचून भागतं. तिथं डेटाबेसनं फार काही साधणार नाही. पण 'ही फाइल कुठल्या पॅकेजची?' असं विचारून बघा. डीपीकेजी प्रत्येक पॅकेजच्या फायलींची वेगळी यादी ठेवतं, आणि या एका उत्तरासाठी त्या सगळ्या याद्या वाचतं. डेस्कटॉपवर दीड-दोन हजार पॅकेजं सहज असतात. तेवढ्या फायली उघडायच्या आणि लाखांनी ओळी चाळायच्या. दुसऱ्यांदा विचारलं की उत्तर झटकन येतं, कारण याद्या तोवर मेमरीत आलेल्या असतात. अनेकांची मोजणी इथंच चुकते. नुकतंच सुरू केलेलं, जुन्या हार्ड डिस्कचं मशीन घ्या, मग फरक कळेल.

फ्रीबीएसडी या युनिक्स वंशाच्या ऑपरेटिंग सिस्टीमनं २०१४ च्या १०.० आवृत्तीपासून पीकेजी हा पॅकेज मॅनेजर मुख्य केला. त्याच्या नोंदी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये असतात आणि फायलींच्या टेबलात पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) हीच प्रायमरी की, म्हणजे नोंद शोधायची मुख्य किल्ली, आहे. त्यामुळं इंडेक्सची, म्हणजे शोधसूचीची, मोजकी पानं वाचली की पॅकेज हाती लागतं.

"डेटाबेस बिघडतो."

आरपीएमचा बिघडायचा, खरंय. अपडेट मध्येच तुटलं की लॉक, म्हणजे एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणून लावलेली कुलपं, अडकून राहायचे. मग त्या लॉकच्या फायली पुसून डेटाबेस पुन्हा बांधायचा, हा ठरलेला उपाय. पण दोष 'डेटाबेस' या कल्पनेचा नव्हता. आरपीएम बर्कले डीबी हा जुना डेटाबेस ट्रान्झॅक्शनशिवाय, म्हणजे अर्धवट बदल मागं घ्यायच्या सोयीशिवाय, वापरत होतं. फेडोरानं २०२० साली ३३ व्या आवृत्तीत एसक्यूलाइट घेतलं ते याही कारणासाठी, शिवाय बर्कले डीबीची ती आवृत्ती कुणी सांभाळत नव्हतं. इंडेक्स आरपीएमकडं आधीपासून होतेच; नव्यानं आला तो भरवसा. वीज गेली तरी ट्रान्झॅक्शन एकतर पूर्ण होतं किंवा झालेलंच नसतं.

"टेक्स्ट हातानं दुरुस्त करता येतं."

हाच तो अर्धा मान्य मुद्दा. स्टेटस फाइल एडिटरमध्ये उघडून मशीन वाचवता येतं. आरपीएमच्या एसक्यूलाइट फाइलमध्ये पॅकेजची माहिती बायनरी गठ्ठ्यात असते, ती नुसत्या एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेनं वाचता येत नाही. पीकेजीत मात्र थेट एसक्यूलाइटचं शेल, म्हणजे आज्ञा द्यायची खिडकी, उघडतं.

"डेबियनचं टेक्स्टवर भागतं."

नुसत्या टेक्स्टवर भागत नाही. एपीटी, म्हणजे डेबियनमध्ये डीपीकेजीच्या वर चालणारं साधन, स्टेटस फाइल आणि रिपॉझिटरीच्या (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्याच्या) याद्या वाचून स्वतःचा बायनरी कॅशे (झटपट वाचायची तयार प्रत) बांधतं आणि तो मेमरीत मॅप करून वापरतं. डिपेंडन्सी, म्हणजे कुठल्या पॅकेजला दुसरं कुठलं लागतं हे कोडं, सोडवायला एसक्यूएलपेक्षा अशी खास रचनाच बरी. फेडोरात आरपीएमच्या वर चालणारं डीएनएफही त्यासाठी लिबसॉल्व्ह या लायब्ररीच्या बायनरी फायली वापरतं. म्हणजे ज्या डेबियनचा दाखला दिला जातो, तिथंही एपीटीचा रोजचा शोध टेक्स्टमध्ये होत नाही.