भूमध्य समुद्रातले चाचे: फिरत असलेल्या मजकुरात काय चुकतं?

‘सोळाव्या-सतराव्या शतकात भूमध्य समुद्रात लूट करायचे ते फक्त मुसलमान. त्यांच्याशी तडजोड शक्यच नव्हती, म्हणून ख्रिस्ती राष्ट्रांनी एकजुटीनं त्यांचा बीमोड केला.’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातली तिन्ही विधानं चुकीची आहेत.

‘फक्त मुसलमान’? उत्तर आफ्रिकेतल्या अल्जियर्स, ट्युनिस, त्रिपोलीच्या मुसलमान चाच्यांनी हजारो माणसं गुलाम केली, हे खरंच. पण माल्टाचे सेंट जॉन सरदार आणि इटलीतल्या तस्कनीचे सेंट स्टीफन सरदार, या ख्रिस्ती लढवय्या संघटना, हाच धंदा क्रूसाच्या निशाणाखाली करत. ग्रीक ख्रिस्ती व्यापाऱ्यांचा मालही त्यांनी सोडला नाही. ते व्यापारी दाद मागायला थेट माल्टाच्या न्यायालयात जात.

‘तडजोड अशक्य’ हे तर धडधडीत खोटं. चाच्यांना शिक्षा करायची, पकडलेली माणसं परत द्यायची, अशी कलमं व्हेनिस आणि तुर्कांचा ऑटोमन सुलतान यांच्या तहांमध्येच होती. एड्रियाटिकच्या काठावरच्या सेन्यमधले उस्कोक पाहा. हे ख्रिस्ती चाचे, ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या आश्रयाला असलेले. ते ऑटोमन प्रजेला लुटत आणि सुलतान भरपाई मागे व्हेनिसकडे, कारण हा समुद्र आपला असं व्हेनिसच सांगत असे. आपण बंदोबस्त केला नाही तर ऑटोमन आरमार आत शिरेल, ही व्हेनिसची धास्ती. शेवटी १६१५ मध्ये व्हेनिस आणि हॅब्सबर्ग या दोन ख्रिस्ती सत्तांचंच युद्ध जुंपलं. १६१७ च्या माद्रिद तहानं उस्कोकांना सेन्यमधून हलवलं, त्यांच्या होड्या जाळल्या. उलट बाजूनं, १६०४ मध्ये सुलतान पहिल्या अहमदनं फ्रान्सला उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांना शिक्षा करायची मुभा दिली. आपल्याच नाममात्र प्रजेविरुद्ध!

आणि ‘एकजूट’? बरीच राष्ट्रं चाच्यांशी आपापला तह करून मोकळी होत. इंग्लंडनं १६८२ मध्ये अल्जियर्सशी केला. इंग्रज जहाजाकडे चर्मपत्राचा परवाना असे. त्याची वरची कड नागमोडी कापून तो तुकडा अल्जियर्सला पाठवत. समुद्रात जहाज अडवलं की चाच्यांचा कप्तान आपल्याकडचा तुकडा जुळवून बघे. जुळला तर सुटका, नाहीतर जहाज गेलं. शेजारच्या ख्रिस्ती देशाचं जहाज लुटलं गेलं तर इंग्रज व्यापाऱ्याचा फायदाच. पोर्तुगीजांचा कार्ताझ आणि आंग्र्यांचं दस्तक माहीत असलेल्या मराठी वाचकाला परवान्याचं हे राजकारण नवं नाही.

इंग्रज आणि डच आरमारांनी मिळून अल्जियर्सवर तोफा डागल्या त्या १८१६ साली. मजकूर ज्या शतकांबद्दल बोलतो, ती तोवर केव्हाच सरली होती.