मशीन हलतं, माणसं आवरत नाहीत

ज्याच्या घरी लाकूड तासायचं बारा इंची रंधा मशीन आणि बँडसॉ (गोल फिरणाऱ्या लांब पात्याची करवत) आहे, त्याला घर बदलताना फ्रीज-कपाट म्हणजे भाजीची पिशवी वाटते. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, रंधा मशीन सहज २५०-३०० किलो भरतं. पण वजनाची मला तेवढी धास्ती नाही. वजन निदान गप्प बसतं. मदतीला आलेली माणसं बसत नाहीत.

त्यात एक तरी काका असतातच. "अरे, चौघं लावा आणि उचला, काय त्यात!" हे सांगताना त्यांचे दोन्ही हात खिशात. काकांना चहा सांगायला पाठवावं आणि मशीन सोडवायला घ्यावं. आधी मोटर उतरवायची, कारण ती एका अंगाला लटकलेली असते आणि सगळं धूड तिकडेच कलतं. वायरींचा फोटो, पट्ट्यावरचा नंबर, बोल्ट पिशव्यांत. रंध्याची पाती डब्यात. बँडसॉचं पातं सैल करून, हातमोजे घालून, तीन वेढ्यांत बांधायचं. वेढा चुकला की पातं फडकन उघडतं आणि बघे दहा फूट मागे सरतात. गर्दी हटवायला याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही.

बीड वाकत नाही, फुटतं. म्हणून मशीनच्या टेबलाला, म्हणजे लाकूड सरकवायच्या वरच्या सपाट पाट्याला, धरून उचलायचं नाही. हमालांना मात्र नेमकं टेबलच हाताशी येतं. "शेठ, इथूनच पकड बसते!" पकड बसते, टेबल बसत नाही.

खरं तर उचलायचं नाहीच, लोटायचं. मशीन दोन वाशांवर बोल्टने आवळायचं. खाली दीड इंची व्यासाच्या जाड जी.आय. पाइपचे चार तुकडे. पहारीने कड दोन बोटं वर घ्यायची, पाचर सारायची, मग पाइप आत. तोही काठीने ढकलायचा, हाताने नाही. तीन पाइप खाली, मागून सुटलेला चौथा पुढे. उतार आला की मागून दोर खांबाला दोन वेढे देऊन हळूहळू सोडायचा. आणि मशीन कललंच, तर सगळे "धरा, धरा!" ओरडतात. धरायचं नाही, बाजूला व्हायचं. टेबल दुसरं मिळेल, बोटं नाशकातल्या भद्रकालीच्या बाजारातही मिळत नाहीत.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यातून निघायचं तर दगडी उंबरा आडवा येतो. पाइप उंबरा चढत नाहीत. दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे रचून उंची सारखी करावी लागते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडून हायड्रा क्रेन मागवता येते, पण ती गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि भाडं तिथूनच सुरू होतं. ओट्याला पाठ लावून उभा केलेला छोटा हत्ती बरा. त्यात वजन केबिनच्या बाजूला, चारही अंगांना लाकडी ठोकळे ठोकलेले आणि रॅचेट बेल्ट पायावरून, टेबलावरून नव्हे. द्वारकेच्या चौकात संध्याकाळी अडकायची हौस नसेल तर सकाळी लवकर निघावं. पावसाळ्यात टेबलावर आधी तेलाचा हात फिरवावा, नाहीतर पोचेपर्यंत तांबूस झालेलं असतं.

पाथर्डी फाट्याकडच्या नव्या सोसायटीत लिफ्टवर लिहिलेलं असतं: सहा माणसं, ४०८ किलो. हिशोबात मशीन बसतं. पण आत शिरताना सगळा भार लिफ्टच्या पुढच्या कडेवर येतो, आणि मशीनबरोबर दोन हमाल आणि चहा पिऊन आलेले काकाही चढतात. सेक्रेटरीसाहेब दिसायच्या आत तळमजल्याच्या पार्किंगची परवानगी काढलेली बरी. तिथेही फरशीवर १८ मिलिमीटरचं प्लाय अंथरावं. टाइलखाली पोकळी असली की पहारीच्या एका टेकूत ती तडकते.

जागेवर आलं की लेव्हल लावून पायाखाली पत्र्याच्या चकत्या द्यायच्या. तिरकं उभं राहिलं तर पाया पिळतो, पात्यांच्या पुढचं आणि मागचं अशी दोन्ही टेबलं एका पातळीत राहत नाहीत, आणि दोष मग पात्यांच्या धारेवर जातो. थ्री फेज जोडल्यावर पट्टा चढवण्याआधी नुसती मोटर फिरवून पाहायची. उलटी फिरली तर काका म्हणतात, "बघा, आदळलं ना वाटेत!" मेन बंद करायचा, तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, आणि काकांना पुन्हा चहा सांगायला पाठवायचं.