मॉन्युमेंट व्हॅलीत चुकलेल्या त्या एका तासाबद्दल

नमस्कार,

आम्ही आखून दिलेल्या तुमच्या अमेरिकेतल्या सहलीचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. कॉलेजातले पाच मित्र, जून महिना, लास व्हेगसहून निघून ग्रँड कॅनियन, मॉन्युमेंट व्हॅली, आर्चेस, कॅपिटल रीफ, ब्राइस, झायन आणि परत लास व्हेगस. एकच स्टार देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत: मॉन्युमेंट व्हॅलीतली जीप टूर हुकली, ग्रँड कॅनियनला असताना मी फोनवर दटावलं, आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) मागितली तर साधी व्हॅन दिली, आणि झायनमध्ये दाराशी गाडी असून बसमध्ये बसावं लागलं.

पहिली तक्रार शंभर टक्के खरी आहे. चूक आमची आहे, तुमची अजिबात नाही. नेमकं काय झालं ते इथे सविस्तर लिहितो, कारण या रस्त्याने जाणाऱ्या कुणाचंही तसं होऊ शकतं.

लास व्हेगस नेवाडा राज्यात, ग्रँड कॅनियन शेजारच्या अ‍ॅरिझोनात. एरवी नेवाडा एक तास मागे असतं, पण ते उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे सरकवतं, अ‍ॅरिझोना सरकवत नाही. त्यामुळे जूनमध्ये लास व्हेगस आणि ग्रँड कॅनियन दोन्हीकडे वेळ एकच असते. पहिल्या दिवसांत तुम्हाला घड्याळाला हात लावावा लागला नाही आणि तसा विचारही मनात आला नाही, हे स्वाभाविक आहे. पण मॉन्युमेंट व्हॅली हा नॅशनल पार्क नाही. तो नवाहो या मूळ अमेरिकी लोकांचा स्वतःचा ट्रायबल पार्क आहे आणि नवाहो नेशन, म्हणजे त्यांचा स्वशासित प्रदेश, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतं, अगदी अ‍ॅरिझोनाच्या हद्दीतल्या भागातसुद्धा. म्हणजे राज्य तेच, रस्ता तोच, आणि मध्येच एक तास गायब होतो. (नॅशनल पार्कचा वार्षिक पास तिथे चालला नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, त्याचंही कारण हेच. तिथलं प्रवेशशुल्क नवाहोंचं, वेगळं.)

तुम्ही डेझर्ट व्ह्यूच्या मनोऱ्यापाशी थांबलात, कॅमेरॉनहून ट्यूबा सिटी, केयेंटा करत पोचलात, तेव्हा डॅशबोर्डवर ३:४० झाले होते. टूर ४ ची. वीस मिनिटं हातात आहेत म्हणून निवांत फोटो काढलेत. काउंटरवर गेलात तर तिथल्या घड्याळात पाच वाजत आले होते आणि गाईड जीप घेऊन कधीच निघून गेला होता. त्या पट्ट्यात मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे पाच फोनांवर दोन वेगवेगळ्या वेळा दिसत होत्या, असंही तुम्ही लिहिलंय. अशा वेळी माणूस गाडीच्या घड्याळावरच विश्वास ठेवणार.

आम्ही दिलेल्या रूट शीटवर, म्हणजे प्रवासाच्या वेळापत्रकावर, फक्त ‘दु. ४ वा. जीप टूर’ एवढंच होतं. कुठल्या घड्याळाचे चार, ते लिहिलेलं नव्हतं. हा रस्ता मी स्वतः इतक्यांदा केलाय की तो तास माझ्या अंगवळणी पडला आहे, आणि म्हणूनच तो कागदावर यायचा राहिला. ज्या माहितीसाठी लोक आम्हाला पैसे देतात, नेमकी तीच आम्ही दिली नाही. तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमच्यातला एक जण आता कायमचा दुसऱ्या देशात चाललाय आणि पाचही जण पुन्हा कधी एकत्र निघतील हे सांगता येत नाही. ते वाक्य वाचून फार वाईट वाटलं. त्याची भरपाई मला करता येणार नाही. मनापासून माफी मागतो.

दुसऱ्या तक्रारीबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. आदल्या रात्री तुमचा फोन आला: उद्या ब्राइट एंजल ट्रेल या पायवाटेने कॅनियनच्या तळाशी, नदीपर्यंत उतरतो आणि संध्याकाळी वर येतो. मी ‘नाही, बिलकुल नाही’ म्हणालो. माझा आवाज चढला, ‘हे ट्रेकिंग आम्हाला शिकवू नका’ असं तुम्ही म्हणालात आणि बोलणं तिथेच तुटलं. आवाज चढायला नको होता. पण सल्ला आजही तोच देईन.

गड चढणाऱ्या माणसाला पाय ताजे असताना चढ लागतो, दमल्यावर उतार. कॅनियनमध्ये सगळं उलट आहे. सकाळच्या गारव्यात पाय आपोआप खाली पळतात, आणि खरी परीक्षा सुरू होते ती भर दुपारी, तळाशी. कड्यापासून नदी सुमारे १३०० मीटर खाली, अंतर जाऊन-येऊन २५ किलोमीटर. वर २७ अंशांची सुखद हवा असते त्याच दिवशी खाली पारा सहज ३८ च्या पुढे जातो. उतरायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वर यायला धरायचा असतो. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, अशी पाटी पार्कवाल्यांनी स्वतः लावली आहे, आणि तरीही दरवर्षी तिथून माणसं उचलून आणावी लागतात. त्यातली कितीतरी तरुण आणि धडधाकट असतात. तुम्ही तिसऱ्या मैलाच्या विश्रांतिस्थळापासून मागे फिरलात आणि रिव्ह्यूत त्याला ‘अर्धवट ट्रेक’ म्हटलंत. मला तुमचा वर आल्याचा मेसेज दुपारी मिळाला, तेव्हा कुठे माझं कामात लक्ष लागलं.

आर्चेसमधल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीपाशी पाहिलेला सूर्योदय ही सहलीतली एकमेव सुंदर गोष्ट होती, असं तुम्ही म्हणता. त्या दिवशी पहाटे अंधारात उठवलं म्हणून तुम्ही वैतागला होतात, आठवतंय? त्या वाटेवरही सावली नाही. कारण तेच होतं, ऊन.

आरव्हीचं थोडक्यात सांगतो. ब्राइसहून झायनमध्ये तुम्ही ज्या लांब बोगद्यातून उतरलात तो १९३० मध्ये खुला झाला, तेव्हाच्या गाड्यांच्या मापाने. मोठ्या गाड्यांवर तिथे बंधनं आहेत, म्हणून आम्ही व्हॅन सुचवली. हे कारण बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं. आणि झायनच्या मुख्य दरीत गाड्यांची कोंडी असह्य झाल्यावर २००० साली शटल बस सुरू झाली. हंगामात तिथल्या लॉजमध्ये उतरलेले पाहुणे सोडले तर खाजगी गाडी आत सोडत नाहीत, मग ती कुणाचीही असो.

पाचही जणांच्या जीप टूरचे पूर्ण पैसे आणि आमच्या नियोजन शुल्कातली निम्मी रक्कम आज तुमच्या खात्यात परत पाठवली आहे. त्यासाठी रिव्ह्यू काढा किंवा बदला असं मी मुळीच म्हणत नाही. तो आहे तसाच राहू द्या.

रूट शीट नव्याने केली आहे. प्रत्येक बुकिंगपुढे आता दोन वेळा छापतो, तिथली आणि लास व्हेगसची, आणि केयेंटाच्या आधी लाल अक्षरांत ‘घड्याळ एक तास पुढे’ अशी ओळ आहे. नमुना तुम्हाला मेल केलाय. त्या दिवशी स्टिअरिंगवर तुम्ही होतात. गाडी चालवणाऱ्याला ती ओळ एका नजरेत दिसते का, तेवढं बघून कळवाल का?