‘ओळ पुसून पुन्हा टाइप करा’ एवढ्याने का भागत नाही

नमस्कार,

वेबपानावरून कॉपी केलेल्या कोडमधल्या एररवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘स्ट्रे ३४२ इन प्रोग्रॅम’ (प्रोग्रॅममध्ये भरकटलेलं ३४२) अशी एरर आली की ओळ पुसून हाताने टाइप करावी, त्यासाठी नवशिक्यांना ऑक्टल (आठच्या पायावरचे) आकडे शिकवू नयेत, असं तुम्ही म्हणता. आणि वळणदार अवतरणचिन्हं जीसीसीने (सी भाषेतला कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या कंपायलरने) गुपचूप सरळ समजून घ्यावीत, असंही.

दुसऱ्या मुद्द्याला माझा ठाम विरोध आहे. अवतरणचिन्ह सोडा, डॅश घ्या. वर्डप्रेससारखी सॉफ्टवेअरं साध्या मजकुरात लागोपाठच्या दोन हायफनांचा एक डॅश करतात. मूळ कोडमध्ये ‘क = --ख’ असेल, तर तुमच्या हाती ‘क = –ख’ येतं. कंपायलरने तो डॅश वजाचं चिन्ह मानला तर प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल होईल, फक्त ‘ख’ एकने कमी होण्याऐवजी त्याची उलट्या चिन्हाची किंमत ‘क’मध्ये जाईल. अशी चूक शोधायला दोन रात्री जातात. एरर दोन मिनिटांत सुटते.

आता आकडे. एररमध्ये लागोपाठ येणारे ३४२, २००, २३४ या तीन वेगळ्या चुका नाहीत. एका डाव्या वळणदार अवतरणचिन्हाचे ते यूटीएफ-८ (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) मधले तीन बाइट आहेत, ऑक्टलमध्ये लिहिलेले. शेवटी २३५ असेल तर उजवं चिन्ह, २२३ असेल तर वरचा तो डॅश. ३०२ आणि २४० ही जोडी म्हणजे न तुटणारी स्पेस (दिसायला साध्या स्पेससारखी, पण वेगळं अक्षर), आणि तुमचा उपाय नेमका इथेच अडतो. ती बहुतेक वेळा ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत असते. दिसणारा मजकूर आपण पुन्हा टाइप करतो, ती मोकळी जागा तशीच राहते आणि एररही. मॅकवर ऑप्शन दाबलेलं असताना स्पेस मारली तर हाताने टाइप करूनही तीच उमटते. आपल्याकडे मराठी कीबोर्ड चालू राहिला की ५ चे बाइट ३४०, २४५, २५३ होतात. पुन्हा टाइप केलं तरी तेच.

संशय आला की फाइल, तिचे बाइट दाखवणाऱ्या ‘ओडी’ कमांडला ‘-सी’ पर्याय देऊन उघडा. लिनक्सवर तिथे हेच ऑक्टल आकडे जागच्या जागी दिसतात.

एका बाबतीत मात्र तुमचा राग योग्य आहे. नुसते बाइट तोंडावर फेकणं हा संदेश नव्हे. क्लँग हा दुसरा कंपायलर त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला आकडा) सांगतो. रस्ट भाषेचा कंपायलर तर अक्षराचं नाव सांगून ‘हे सरळ अवतरणचिन्हासारखं दिसतं, पण ते नाही’ असं स्पष्ट करतो आणि बदलही सुचवतो. बदलत मात्र नाही. मला हवं आहे ते एवढंच.

जीसीसी १० (२०२०) पासून व्हेरिएबलच्या नावात यूटीएफ-८ अक्षरं थेट चालतात, हे मूळ लेखात राहिलं होतं. त्यामुळे रोमन ‘ए’सारखं हुबेहूब दिसणारं सिरिलिक अक्षर नावात शिरलं तर ‘स्ट्रे’ येतच नाही, ‘अनडिक्लेअर्ड’ (हे नाव आधी जाहीर केलेलं नाही) येतं, आणि दोन्ही नावं डोळ्यांना सारखीच दिसतात. हा भाग आज रात्री लेखात घालतो. तुमची अडलेली ओळ अजून जपून ठेवली असेल, तर तिचं ‘ओडी’चं आउटपुट इथेच टाका, आपण मिळून वाचू.